घड ठरतो उन्हाळ्यात

कोयना धरणाच्या शिवसागराचं पाणी दोन वाटांनी जातं. कोयनेतून वाहणारं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि पुढे ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजनांतून तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागा भिजवतं. दुसरं बोगद्यातून सह्याद्री ओलांडून आमच्या पोफळीत येतं, जमिनीखालच्या वीजघरात जनित्रं फिरवतं आणि शेवटी वाशिष्ठीत जातं. पाणी एकाच जलाशयाचं, पण द्राक्ष पिकतं तिकडे. इकडे नारळ, सुपारी, मिरी. द्राक्षाला पाण्याहून जास्त कोरडी हवा लागते, आणि आमच्याकडे मृग लागला की हस्तापर्यंत मांडव वाळत नाही.

तरी परसात एक वेल मी धरून आहे, तीही सांगलीकडच्या वेळापत्रकाला फाटा देऊन.

घाटावर वर्षात दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. फळ दुसरीनंतर लागतं म्हणून हौशी माणसाचा सगळा जीव ऑक्टोबरवर. पण घड ठरतो तो आधीच. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात घडाचा अंकुर तयार होतो, आणि त्याला लख्ख ऊन लागतं. पोफळीत एप्रिलमध्ये कात्री लावली, तर हे दिवस नेमके जूनच्या आभाळाखाली येतात. मग ऑक्टोबरात घडाऐवजी नुसत्या बाळ्या फुटतात. म्हणून माझी खरड मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकते. ओलांड्यावरची प्रत्येक काडी बुडाशी एक डोळा राखून कापायची. नव्या फुटी बोटभर झाल्या की दाटी काढायची, उरलेल्या तारेवर अशा बांधायच्या की एकीची सावली दुसरीवर पडू नये. वैशाखाच्या ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, तेच वेलीच्या कामाचं.

पावसाळ्यात घडाची आशा धरायची नाही, काड्या जगवायच्या. केवडा आणि करपा पानं खातात. पावसाने उघडीप दिली की बोर्डो मिश्रण. शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून एकत्र करायचा, सगळं मिळून दहा लिटर. त्यात विळ्याचं घासलेलं पातं क्षणभर बुडवायचं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. अजून घालायचा, नाहीतर पानं करपतात. केलेलं त्याच दिवशी संपवायचं. फ्रान्सात बोर्डोकडचे बागाईतदार वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेली केवड्यातून वाचल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी हेरलं आणि 1885 मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला.

पाऊस पुरता गेला की पाणी तोडून, पानं हाताने उतरवून गोडी छाटणी. पेन्सिलीएवढ्या जाड, पिकून तपकिरी झालेल्या काड्याच ठेवतो. फेब्रुवारीअखेर घड उतरतात. तासगावच्या मालाशी त्यांची तुलना नको. गोडी बेताची, मणी लहान, आणि वानरांचा वाटा वेगळा.

शेजारी येतात, मांडवाखाली उभे राहून खत कुठलं घातलं ते विचारतात. शेणखतच. पण त्यांना मी खताचं सांगत बसत नाही. वेल लावायचीच असेल तर परसातली सगळ्यात उन्हाची जागा तिला द्या आणि मार्चची छाटणी चुकवू नका, एवढंच सांगतो.