वर्तुळातील एक जागा

आमच्या वसईतील धर्मग्रामात एके काळी बँड होता. लग्नाची वरात असो वा सणाची मिरवणूक, पांढरा गणवेश चढवून दहा-बारा माणसे पुढे चालू लागली की घराघरांतून पोरे धावत सुटत. आमचे आजोबा त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. पुढे एकेक वादक थकला, एकेक गेला. आणि एके दिवशी आमच्या ध्यानात आले की बँड उरलेलाच नाही. तो कोणी बंद केला नव्हता. ऐकणाऱ्यांची वाण पडली होती असेही नाही. मात्र वाद्ये कुलपात असत आणि मुलांनी हात लावला की ‘मोडाल!’ म्हणून वडीलधारे ओरडत, एवढे आम्हांला स्पष्ट आठवते. आजोबांची क्लॅरिनेट आजही माळ्यावरच्या पेटीत आहे. ती वाजविता येणारे आमच्या घरात कोणी नाही.

ही आठवण पुन्हा जागी झाली ती दूरदेशीच्या एका बँडमुळे.

परिचारिकेच्या नोकरीच्या निमित्ताने २००३ साली आम्ही उभयता स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात आलो. जेथे घर केले ते जुन्या कोळसा-खाणकामगारांचे गाव. गावची खाण १९८० च्या दशकातच बंद पडलेली. साऱ्या स्कॉटलंडमधील शेवटची खोल खाण, लाँगॅनेटची, तीही आम्ही येण्याच्या आदल्याच वर्षी मिटलेली. खाणींच्या भरभराटीच्या काळात अनेक ठिकाणी कामगारांचे स्वतःचे पाइप बँड असत. खाणी गेल्या, त्यांबरोबर बरेच बँडही गेले. आमच्या गावचा बँड कसाबसा तग धरून होता. २००८ साली त्यात सात पाइपवादक व तीन ढोलवादक उरले होते. त्यांपैकी सर्वांत तरुण गृहस्थाने पन्नाशी ओलांडलेली होती.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत वाचनालयाच्या दारावर एक हस्तलिखित सूचना लागली : ‘पाइप व ढोल शिकवू. मंगळवार, सायंकाळी सहा. फी नाही. वाद्य आम्ही देऊ.’ आमचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. ‘वाद्य आम्ही देऊ’ हे शब्द वाचून आम्ही दारातच थबकलो. माळ्यावरची पेटी डोळ्यांसमोर आली. पुढच्या मंगळवारी आम्ही मुलाला घेऊन गावच्या सभागृहात हजर झालो.

बॅगपाइप म्हटले की आपल्याला प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातील लष्करी बँड आठवतो. त्या झगमगाटामागे किती कष्ट असतात, हे आम्हांला तेथे कळले. प्रथम हाती येते ती साधी बासरीएवढी नळी, सरावाचा चँटर. पिशवी नाही, गर्जना नाही. केवळ नऊ स्वर आणि बोटांचा अभ्यास. वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, एवढेच चालते. मग पिशवी येते. तोंडाने फुंकायचे, काखेने दाबायचे, आणि श्वास घेतानाही सूर डळमळू द्यायचा नाही. खांद्यावर तीन ड्रोन, म्हणजे अखंड एकच आधारसूर धरणाऱ्या नळ्या. सनईवादकाच्या शेजारी सूर धरून बसणाऱ्या साथीदाराचे काम त्या करतात. चँटरच्या आतील दुहेरी पत्तीही सनईच्या पत्तीची सख्खी बहीणच. हवा दमट झाली की ती रुसते. आणि स्कॉटलंडात हवा दमट नसते कधी?

या वाद्याचा एक स्वभाव पुढील हकिगतीसाठी सांगणे अगत्याचे आहे. ते हळू वाजविता येत नाही. इतर वाद्यवृंदांत कच्चा वादक आवाज लहान करून वेळ मारून नेतो. पाइपला ती सोय नाही. बँड वर्तुळात उभा राहतो, सगळे एकदम सुरू होतात व एकदम थांबतात; आणि एकाची चूक सर्वांची होते.

आमच्या मुलाची बोटे ज्यांनी घडविली ते त्या सात जणांतील एक वृद्ध खाणकामगार होते. जाडजूड बोटे, त्वचेत कोळशाची निळसर रेघ कायमची मुरलेली. एकच सुरावट चाळीस वेळा ऐकूनही त्यांचा आवाज चढत नसे. ‘पुन्हा,’ एवढेच ते म्हणत. पहिल्या वर्षी चौदा मुले आली. दुसऱ्या वर्षी त्यांतील सहा टिकली व नवी नऊ आली. मुलांमागून आईबाप आले. आम्ही चहा करू लागलो, किल्टांना टाके घालू लागलो, वर्गणीच्या वह्या सांभाळू लागलो. आणि न कळत बँडच्या समितीवर गेलो.

२०११ साली बँड पुन्हा स्पर्धेत उतरला. तेथे बँडांच्या चार मुख्य श्रेणी असतात. आमचा सर्वांत खालच्या पायरीवर होता. मोठ्या स्पर्धांत चार परीक्षक असतात : दोन पाइपांसाठी, एक ढोलांसाठी व एक एकंदर मेळासाठी. बँड थांबला, आणि त्या शांततेत एक लांबलेली किंकाळी उठली. आमच्या मुलाची पिशवी वेळेवर मिटली नव्हती. बँड शेवटून पहिला आला. परतीच्या बसमध्ये मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला. ते वृद्ध गृहस्थ उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, “खाणीत माझ्या पहिल्या दिवशी मी दिवा विझवला होता. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा खाली नेले. तूही मंगळवारी ये.” मुलगा मंगळवारी गेला.

मग बँड वाढू लागला. लॉख फाइनच्या काठावरील इन्व्हरारी या चिमुकल्या गावात २००५ साली स्थापन झालेल्या बँडचे उदाहरण सर्वांच्या तोंडी असे. स्टुअर्ट लिडेल यांच्या नेतृत्वाखाली स्थानिक मुलांना शिकविण्यातून तो उभा राहिला आणि पुढे २०१७ साली ग्लासगो ग्रीनच्या मैदानावर त्याने पहिल्या श्रेणीचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. आमची झेप तेवढी नव्हती; पण २०१४ पर्यंत आमच्याकडे अठरा पाइपवादक झाले, लहानसहान बक्षिसे येऊ लागली, आणि वरच्या श्रेणीची स्वप्ने पडू लागली.

वरची श्रेणी म्हणजे अवघड सुरावटी, चपळ बोटे. मुलांची बोटे चपळ होती. म्हाताऱ्यांची नव्हती.

२०१५ च्या जानेवारीतील ती बैठक आम्ही विसरू शकत नाही. प्रश्न साधा होता : स्पर्धेच्या वर्तुळात कोणी उभे राहावयाचे? जुन्या सातांपैकी तिघे मागे पडत होते, हे प्रत्येकाला ऐकू येत होते. कोणी म्हणाले, मुलांच्या कष्टांचे चीज व्हायला हवे. कोणी म्हणाले, उपकार वेगळे व संगीत वेगळे. मत घेण्यात आले. आम्ही हात वर केला. त्या तिघांत आमच्या मुलाचे गुरू होते.

त्यांना निर्णय सांगितला तेव्हा ते म्हणाले, “बरोबर आहे. मलाही ऐकू येते.” त्यांनी पाइप सुटे केले, पुसले, पेटीत ठेवले व ते घरी गेले. त्यांचे घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होते. त्या उन्हाळ्यात बँडला पहिले बक्षीस मिळाले. आम्ही टाळ्या वाजविल्या. परंतु कित्येक महिने त्या घराचे दार ठोठावण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. पुढे समितीने स्पर्धेपासून वेगळा असा एक गावबँड काढला. गावजत्रेला, युद्धस्मृतिदिनाला, अंत्ययात्रेला वाजविणारा. तिघांपैकी दोघे आनंदाने त्यात आले. ते मात्र आले नाहीत.

गेला तो आमचा मुलगा, आणि तोही आम्हांला न विचारता. २०१६ च्या सुमारास एका रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर ड्रोनची पत्ती हातात घेऊन तो बाहेर पडला. “ही नीट बसत नाही, पाहता का?” हे त्याचे निमित्त. पत्ती नीटच होती, हे त्या जुन्या कानांना क्षणात कळले असणार. त्यांनी ती बारकाईने पाहिली, पुसली, परत दिली आणि म्हणाले, “पुढच्या आठवड्यात पुन्हा आण.” त्यानंतर तो दर रविवारी जात राहिला.

२०२० व २०२१ साली महासाथीमुळे जागतिक स्पर्धाही झाली नाही आणि आमचे सभागृहही बंद राहिले. फुंकून वाजवायचे वाद्य. एकत्र येणार तरी कसे? दार उघडले तेव्हा अठरांचे अकरा झाले होते. कोणी शिक्षणासाठी गेले होते, कोणाची गोडी आटली होती. वाचनालयाच्या दारावर पुन्हा सूचना लावावी लागली. पहिल्या मंगळवारी आम्ही चहाचे पाणी ठेवीत होतो, तोच मुलाचा हात धरून ते वृद्ध गृहस्थ आत आले. वर्तुळात ते पुन्हा उभे राहिले नाहीत. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले, समोर पाच मुले घेतली आणि म्हणाले, “पुन्हा.”

आम्ही त्यांच्यापाशी जाऊन उशिराची क्षमा मागितली. त्यांनी आम्हांला मध्येच थांबविले. “तुम्ही हात वर केला त्याचे मला काही वाटले नाही,” ते म्हणाले. “नंतर कोणी चहाला आले नाही, त्याचे वाटले.”

२०२३ च्या हिवाळ्यात ते गेले. दफनभूमीत आमच्या मुलाने पाइप वाजविले. शेवटचा सूर त्याने अगदी वेळेवर थांबविला. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे पाइप बँडला मिळाले. सध्या ते अकरा वर्षांच्या एका मुलीकडे आहेत. तिने एकदा जमिनीवर आपटून त्यांना टवका पाडला. कोणी ओरडले नाही. टवका भरला व पाइप पुन्हा तिच्याच हाती दिले.

आम्हांला आता असे वाटते की कोणताही समुदाय दोन रीतींनी मरतो. आमच्या धर्मग्रामातील बँड लहानांना आत न घेतल्यामुळे गेला. येथला वाढला, पण ज्यांनी त्याला जगविले त्यांनाच दाराबाहेर ठेवून तो वाढू पाहत होता, आणि त्यात आमचाही हात होता. वर्तुळातील प्रत्येक जागा कायमची नसते, हे खरे. परंतु ती सोडणाऱ्यासाठी शेजारी एक खुर्ची मांडलेली असावी, आणि ‘या, चहा घ्या’ म्हणणारे कोणी असावे. गायनवृंद असो, भगिनी मंडळ असो वा आपले घर, तेथेही याहून निराळे काय आहे?

येत्या नाताळात आम्ही वसईला येत आहोत. माळ्यावरची पेटी उतरवायची आहे. क्लॅरिनेटची पत्ती बदलावी लागेल, गाद्याही झिजल्या असतील. दुरुस्त झाली की ती धर्मग्रामातील एखाद्या मुलाच्या हाती द्यावी, असे ठरविले आहे. मोडली तर मोडली.