उरलेली माणसं

चि. सोनू,


काल तू म्हणालास, ‘मामा, मिशन जिंकतो, पण शेवटी माणसंच उरत नाहीत.’ याचं उत्तर फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

तू खेळतोस तो ‘मिथ: द फॉलन लॉर्ड्स’ बंजी कंपनीने १९९७ साली काढला, त्यांच्या ‘हेलो’च्याही आधी. मी तो होस्टेलवर, मित्राच्या कॉम्प्युटरवर खेळलो. तेव्हाच्या बहुतेक लढाईच्या खेळांत आधी सोनं खणायचं, बराकी बांधायच्या आणि मग सैन्य उभं करायचं. इथे तसं काही नाही. हाताशी दिलेल्या माणसांवरच निभवायचं; मध्ये कुमक आली तर आली. आणि या लढाईत वाचलेले लोक पुढच्या लढाईत तुझ्याबरोबर येतात. एखाद्या शिपायावर क्लिक करून बघ. त्याला नाव आहे, त्याने किती शत्रू मारले तेही दिसतं. चार लढाया पाहिलेला तिरंदाज नव्यापेक्षा भराभर आणि नेमका बाण मारतो. म्हणून दोन माणसं शिल्लक ठेवून जिंकलेलं मिशन मी जिंकलेलं धरत नाही. ते पुन्हा खेळावं. अशी एकूण २५ मिशनं आहेत, आणि आधीची उधळपट्टी शेवटी अंगाशी येते.

आधी जमीन वाच. कॅमेरा फिरवून चढ कुठे, उतार कुठे, पाणी कुठे ते बघ. तिरंदाज उंचावर ठेव, पण तलवारवाल्यांच्या थेट पाठीमागे नको, कारण बाण आपला-परका ओळखत नाही. नदी आहे म्हणून ती बाजू मोकळी सोडू नकोस. मेलेल्यांना श्वास लागत नाही. शत्रूचे थ्रॉल, म्हणजे चालती प्रेतं, पाण्याखालून येतात.

आपल्या फौजेतल्या ड्वार्फचं मात्र सविस्तर सांगतो. त्याने फेकलेली पेटती बाटली दगडासारखी वागते. उतारावर पडली तर घरंगळते. एकदा मी त्याला टेकडीच्या पायथ्याशी उभं केलं आणि वरून येणाऱ्या थ्रॉलांवर बाटली फेकायला लावली. ती चढावर आदळली, क्षणभर थांबली आणि गडगडत परत खाली आली. माझ्या रांगेत येऊन फुटली. तिघे गेले, त्यांतला एक पहिल्या मिशनपासून सोबत होता. त्या रात्री मी पुढे खेळलो नाही. तेव्हापासून ड्वार्फ वर आणि शत्रू खाली, हे मी कधी मोडलं नाही. पाऊस पडत असला तर बाटल्यांच्या भरवशावर राहू नकोस, कित्येक विझतात.

वाइट, म्हणजे जवळ येऊन फुटणारा मृत शत्रू, दिसला की बाकी सगळे थांबव आणि एका तिरंदाजाला पुढे काढ. वाइट संथ चालतो, त्यामुळे लांबून एक-दोन बाण पुरतात. घोळक्यात येऊन फुटला तर आसपासची माणसं जागीच खिळतात आणि मागचे थ्रॉल त्यांना कापून काढतात. जखमींना बरं करणाऱ्या जर्नीमनकडची औषधी मुळं मोजकीच असतात. पण त्याचा उपचार चालत्या मृत शत्रूवर केला तर तो शत्रू कायमचा कोसळतो, आणि अडचणीच्या वेळी हे फार उपयोगी पडतं.

अवघडपणाच्या पाच पायऱ्यांपैकी तू थेट ‘लेजंडरी’ घेतली आहेस. तिथे शत्रूच जास्त येतात. आधी ‘नॉर्मल’वर खेळ, त्यात कमीपणा नाही. आणि मिशनच्या सुरुवातीला वाचून दाखवतात ती शिपायाची रोजनिशी घाईने पुढे ढकलू नकोस. नाव नसलेला एक साधा सैनिक आपली फौज कशी मागे रेटली गेली ते लिहून ठेवतो. आपण कोणासाठी लढतोय ते मला त्यातूनच कळलं.

अडकलास ते मिशन आज पहिल्यापासून सुरू कर. ड्वार्फला आधी वर चढव, आणि शेवटी किती जण उभे राहिले ते रविवारी फोन करून सांग.

तुझा,
मामा