कुर्तुब्याचे खांब

बिनपगारी रजा घेऊन मी दोहाला, ह्यांच्याकडे आले. ईदच्या सुट्टीत सहा दिवसांत माद्रिद, कुर्तुबा, ग्रॅनाडा पाहिले.

इकबाल १९३३ मध्ये कुर्तुब्याच्या मशिदीत गेले होते. त्यांची तिच्यावरची नज्म मी वर्गात दाटल्या गळ्याने शिकवत आले. मेहराबपुढे लेकीने दुआला हात उचलले. पहारेकऱ्याने मानेनेच 'नको' म्हटले. १२३६ पासून तिथे चर्च आहे. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात लेक म्हणाली, "अम्मी, हे खांब एकसारखे का नाहीत?"

माहितीपत्रक उघडले. बरेच खांब जुन्या रोमन इमारतींमधून आणलेले!

हे मी मुलांना कधीच सांगितले नव्हते. परतल्यावर नज्म तीच शिकवीन. पण आधी खांबांची हकीकत सांगेन.