वेलाचा रोजा

देवगाव फाट्यावर आमच्या अंगणात अब्बांनी लावलेला द्राक्षाचा वेल आहे. अब्बा होते तोवर त्याला दरवर्षी पाच-सहा घड यायचे. ते गेल्यावर मी वेलाची फारच काळजी घेऊ लागलो. शाळेतून आलो की रोज दोन बादल्या पाणी. वेल मांडवभर पसरला, पण दोन वर्षं एकही घड नाही. अम्मी म्हणाली, "तुझे अब्बा तर उन्हाळ्यात त्याला विसरूनच जायचे."

मंठ्यावरून पुढे, जालना तालुक्यात कडवंची हे गाव शेततळ्यांच्या पाण्यावर द्राक्षं पिकवतं. 2012 च्या दुष्काळातही तिथल्या बागा तगल्या. तिकडच्या एका बागायतदाराला मी माझं दुखणं सांगितलं. ते हसले. "सर, वेलाला जरा तहान लागू द्या."

एप्रिलच्या छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचे घड ठरतात. तेव्हा पाणी थोडं कमी केलं की मुळं पानांना निरोप धाडतात, पानं रंध्रं मिटतात, शेंडा थांबतो आणि वेलाची ताकद डोळ्यांकडे वळते. पाणी मुबलक असलं तर नुसती पानं वाढतात, डोळ्यांना ऊन मिळत नाही आणि घडाच्या जागी बाळी निघते.

चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूतानं लिहून ठेवलंय की तिथली द्राक्षं वर्षातून दोनदा येतात. थंड मुलखात हिवाळाच वेलाला झोपवतो. आपल्याकडे त्याला थांबवायचं काम छाटणी आणि ताण करतात.

मला रमजान आठवला. पण ते पुढे म्हणाले, "ताण म्हणजे उपासमार नव्हे. मणी फुगताना पाणी तोडलं तर ते बारीक राहतात. पिकताना कोरड्या वेलाला एकदम पाणी पाजलं तर तडकतात." खरंच, रोज्यालाही मगरिब असते.

यंदा उन्हाळ्यात बादली हातात घेऊन कितीदा तरी परत फिरलो. पाणी देण्यापेक्षा न देणं अवघड गेलं. याच वर्षी मुलगी शिकायला परभणीच्या वसतिगृहात गेली. सुरुवातीला दिवसातून चारदा फोन करायचो. आता रात्री एकदाच करतो.

परवा वेलावर तीन छोटे घड दिसले. आधी अम्मीला दाखवले, मग रात्री मुलीला सांगितले.