वाटणी आधी, नकाशा नंतर

२४ जुलै, जयगड
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. त्यामुळे सध्या बोट चालवणारे तांडेल जेटीवर भेटतात आणि त्यांना सवडही असते. मासेमारीच्या नोंदी ठेवणारं आमचं ओपन सोर्स अ‍ॅप लिहिणारे सगळे किनाऱ्यापासून लांबचे. चांगलं सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या स्वतःच्या नडीतून निघतं, असं एरिक रेमंडने १९९७ साली मांडलं. पण जाळं ओढणारा कोड लिहीत नाही. त्याची नड कोण मांडणार?

२५ जुलै
"काय हवंय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुम्ही द्याल ते." म्हणून आज फक्त शेवटच्या फेरीचं विचारलं. जाळं शिवता शिवता एक तांडेल काका सांगत गेले: डिझेल, बर्फाच्या लाद्या, कुणाची उचल किती, भाव काय लागला आणि खर्च वजा जाता मालकाचा नि खलाशांचा वाटा. वहीची पानं दमट होऊन फुगलेली, पण वाट्यांचा हिशेब एकही खाडाखोड नसलेला. आमच्या अ‍ॅपमध्ये वाट्यांना रकानाच नाही. मासा लागला ती जागा नोंदवायला मात्र भलंमोठं बटण. ते बघून काका हसले. "जागा कुणी सांगतो काय?"

२८ जुलै
ओपन सोर्स प्रकल्पांत गरजांचा वेगळा दस्तऐवज सहसा नसतो. गरजा चर्चेत, त्रुटींच्या नोंदींत आकार घेतात, असं वॉल्ट स्काची यांनी २००२ च्या अभ्यासात दाखवलं. म्हणजे तिथे जो लिहितो त्याचीच नड दिसते. म्हणून रात्री आमच्या प्रकल्पाच्या नोंदींत तीन मागण्या नोंदवल्या, कुणाचं नाव न घालता: वाटणीचा हिशेब हवा, जागा फोनबाहेर जाऊ नये, खोली मीटरबरोबर वावांतही दिसावी, कारण काका "पंधरा वाव" म्हणतात, सत्तावीस मीटर नव्हे. ओपनसीपीएन या सागरी नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फॅदमची, म्हणजे वावांची, सोय आहेच.

३१ जुलै
एका स्वयंसेवकाची हरकत आली: जागाच मिळाली नाही, तर मत्स्यसाठ्याचा अभ्यास कसा करायचा? मुद्दा रास्त आहे. मी सुचवलं, तांडेलाची संमती असेल तरच, तीही मोठ्या चौकटीपुरती ढोबळ जागा. एकमत झालेलं नाही. ओपन सोर्समध्ये मागणी पटली, तरी ती करायला कुणीतरी पुढे यावं लागतं. वाटणीचं काम मी अंगावर घेतलंय. काका म्हणाले, "नारळी पुनवेनंतर आण, बोटीवर चालवून बघू."