गार पाय आणि न वळणारी बाई

चि. मुक्ता,

तुझा फोन झाल्यापासून हसू आवरत नाहीये. मँचेस्टरला बदलीवर जायला आधी हो म्हणालीस, मग नको म्हणताना साहेबांना सांगितलंस, ‘आय गॉट कोल्ड फीट’. आणि ते बिचारे तुला धीर देत बसले! अगं, तू घाबरली कुठे होतीस? घरभाड्याचा हिशेब मांडलास आणि शहाणपणाने बेत रद्द केलास. त्याला ‘थॉट बेटर ऑफ इट’ म्हणायचं. कोल्ड फीट म्हणजे आपलं कच खाणं. आपले हातपाय कुठल्याही भीतीने गार पडतात. इंग्रजांचे पाय गार पडतात ते होकार देऊन झाल्यावर, बहुधा लग्नाच्या आदल्या दिवशी.

‘सेकंड थॉट्स’मध्ये निर्णय अजून जागेवरच असतो, नुसती शंकेची पाल चुकचुकलेली असते.

‘यू-टर्न’ मात्र स्वतःबद्दल सहसा कुणी म्हणत नाही, तो दुसऱ्यावर मारायचा शब्द. त्याची गोष्ट मला फार आवडते. बुडत्या उद्योगांना सरकार हात देणार नाही, असं म्हणत एडवर्ड हीथ 1970 साली ब्रिटनचे पंतप्रधान झाले. पुढच्याच वर्षी रोल्स-रॉइस बुडायला आली आणि त्यांनी ती सरकारी मालकीची केली. हा यू-टर्न त्यांना कायमचा चिकटला. त्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर. पुढे त्या स्वतः पंतप्रधान झाल्या, बेकारांचा आकडा 20 लाखांवर गेला, धोरण बदला म्हणून स्वपक्षीयही मागे लागले. 10 ऑक्टोबर 1980 रोजी ब्रायटनच्या अधिवेशनात त्यांनी सुनावलं: तुम्हाला वळायचं तर वळा, ही बाई वळणारी नाही, ‘द लेडीज नॉट फॉर टर्निंग’. इंग्रजीत ‘तुम्ही वळा’ म्हणजेही ‘यू टर्न’! कोटी त्यांची नव्हे, भाषण लिहिणाऱ्या रोनाल्ड मिलर या नाटककाराची. ख्रिस्तोफर फ्रायच्या 1948 मधल्या ‘द लेडीज नॉट फॉर बर्निंग’ या नाटकाचं नाव त्याने फिरवलं होतं.

आपल्या वर्तमानपत्रांत याला घूमजाव म्हणतात. अमेरिकेत ‘फ्लिप-फ्लॉप’, म्हणजे आपली कोलांटउडी. रबरी चपलेलाही तेच नाव, म्हणून 2004 च्या अध्यक्षीय निवडणुकीत, उमेदवार जॉन केरी सारखी भूमिका बदलतात असं म्हणत, त्यांचे विरोधक चक्क चपला हलवत होते.

साहेबांना नीट शब्दांत पुन्हा कळव. आणि दिवाळीला यायचं ठरवलं आहेस, त्यावर कृपा करून सेकंड थॉट्स नकोत.

तुझी,
मावशी