टॉप मॉडेल व्हायचंय कुणाला?

गाडी बेस मॉडेल आहे की टॉप, हे ओळखायला शोरूमवाला लागत नाही. दाराची हँडलं बघायची. बॉडीच्या रंगाची असली तर मालकाने चार पैसे जास्त मोजलेत. काळी असली तर... असो! काळी हँडलं, काळे आरसे, चाकांना कॅप नाही. सिग्नलला शेजारी थांबलेल्या माणसाला आपल्या बजेटचा अंदाज यावा, याची सोय कंपन्यांनी केव्हाच करून ठेवली आहे. आणि आपण पुणेकर तर काय, समोरच्याची गाडी बघून त्याचा सातबारा सांगणार!

म्हणूनच बेस मॉडेलला टॉप दिसायला लावणं हा एक मोठा धंदा आहे. हँडलांवर चिकटवायची क्रोमची टरफलं, आरशांवर क्रोम, डिकीवर क्रोमची पट्टी. नाना पेठेत एक चक्कर मारा, डोळे दिपतात.

आमची वॅगन आर सिल्व्हर. 2013 च्या दसऱ्याला घरी आली, हार-पेढ्यांसकट. अर्थातच बेस मॉडेल. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. वरच्या मॉडेलसाठी लागणारे जादा पैसे आणि माझी त्या वर्षीची फी, हे दोन्ही आकडे बाबांनी एकाच कागदावर लिहिले होते. तो कागद मी पाहिला होता. निर्णय काय झाला, ते हँडलांवरून कळतंच.

बाबांना काचबिंदू निघाला आणि बाजूचं दिसणं कमी झालं. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलं. ‘मग विकून टाकू,’ बाबा म्हणाले, इतक्या सहज की मला शंका आली. जुन्या गाड्या घेणाऱ्यांचा एक मुलगा येऊन गाडीभोवती फिरला, फोटो काढले आणि टॅबवर रिपोर्ट दाखवला. इंजिन : गुड. एक्स्टिरियर : पुअर. किमतीबद्दल बाबा काही बोलले नाहीत. तो शब्द मात्र त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. ‘पुअर म्हणजे काय रे? एक सर्व्हिसिंग चुकवलेलं नाही!’

मुलगा बिचारा खोटं बोलत नव्हता. पत्रा ठीक होता, पण सगळं काळं प्लॅस्टिक राखाडी झालेलं. वायपरखालची जाळी तर जवळजवळ पांढरी. त्या संध्याकाळी मी जाहीर केलं, गाडी विकायची नाही, मी चालवणार. आरसीची पंधरा वर्षं 2028 मध्ये भरतील, तोवर तरी ती आपल्या पार्किंगमध्येच राहील. आणि तो ‘पुअर’ मी काढणार. बजेट 4,000 रुपये. (फ्लॅटचा ईएमआय भरणाऱ्यांना हा आकडा कुठून आला ते विचारावं लागणार नाही.)

‘कोणी बेस म्हणणार नाही!’

पहिला शनिवार नाना पेठेत गेला. दुकानदाराने गाडीभोवती एक राउंड मारला आणि पॅकेज सांगितलं : 12,500. क्रोम किट, बॉडी कलर हँडलं, आरशांची कव्हरं, सगळं त्यात. ‘मॅडम, मग कोणी बेस म्हणणार नाही.’

पुढच्या सीटवर बसलेल्या बाबांनी काच खाली केली. ‘मग काय म्हणतील?’

दुकानदार हसला, मीही हसले. पण परत येताना बाबा म्हणाले, ‘हँडलं काळीच राहू दे. घेतली तेव्हा काळीच होती. फक्त काळी असू देत, राखाडी नकोत.’

मी मनात सिल्व्हर हँडलांचं चित्र रंगवून बसले होते. पण नंतर वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं, बाबांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्याही एकदम करेक्ट आहे. मेटॅलिक सिल्व्हर हा घरी जुळवायला सगळ्यात त्रासदायक रंग. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. फवारा किती लांबून, किती ओला पडला यावर शेड बदलते. शिवाय दारावरचा सिल्व्हर इतकी वर्षं उन्हात पिकलेला. नवं हँडल त्याच्या शेजारी उपरंच दिसणार. क्रोमच्या टरफलांचं म्हणाल तर ती डबल टेपवर बसतात, फटीत धूळ आणि पाणी जमतं आणि खालचा रंग घासला जातो. काळ्याचं तसं नाही. सॅटिन ब्लॅक चुका पोटात घालतो. घरच्या कारागिरासाठी याहून दयाळू रंग नाही!

काळं गेलं कुठे?

प्लॅस्टिक पांढरं का पडतं? रंग उडून जातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा पातळ थर कुजतो, खडूसारखा भुरभुरीत होतो आणि प्रकाश विखुरतो, म्हणून ते राखाडी दिसतं. आतलं काळं आतच असतं. म्हणूनच डॅशबोर्ड पॉलिश चोळलं की दोन दिवस झकास दिसतं, मग धूळ धरतं आणि पहिल्या पावसात वाहून जातं. तो मेलेला थर आधी निघाला पाहिजे.

त्यामुळे अख्खा दुसरा शनिवार फक्त धुण्यात गेला. शॅम्पू, जुना टूथब्रश, जाळीच्या प्रत्येक फटीतून निघणारा काळा गाळ. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. कोरोनाने या बाटलीशी आपली ओळख करून दिलीच आहे. फडका स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं. कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावरच टिकतं.

वायपरखालची जाळी मी रंगवली नाही. तिचा पोत खरखरीत आहे, खालून इंजिनाची ऊब, वरून ऊन. तिथे ट्रिम कोटिंग : स्पंजवर चार थेंब, पातळ हात, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसायचं. एका हातात जाळी पुन्हा काळी दिसू लागली. मी पार्किंगमध्ये एकटीच ‘येस्स!’ ओरडले आणि वॉचमन मामा धावत आले.

हँडलं आणि आरसे मात्र रंगवायचे होते. इथे खरा फंडा आहे. प्लॅस्टिकच्या भागाच्या मागच्या बाजूला कंपनीने बारीक अक्षरं उमटवलेली असतात. एबीएस असेल तर रंग आनंदाने धरतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन असेल तर त्याचा पृष्ठभाग असा असतो की रंग बसतो, पण धरून राहत नाही. नखाने पापुद्रा निघतो. त्यासाठी प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर मिळतो. हँडल काढायचं म्हणजे आतून दाराचं पॅनेल उघडायचं, तेव्हा ती जागेवर ठेवूनच रंगवायचं ठरवलं. मागची अक्षरं दिसणार नव्हती, म्हणून सरसकट प्रायमर मारला.

त्याआधी वॉटर पेपर : 600 नंबर, मग 800, पाण्यात बुडवून हलक्या हाताने, चमक जाईपर्यंत. हँडलभोवती मास्किंग टेप, त्यापुढे जुने पेपर, आणि उरलेल्या अख्ख्या गाडीवर चादर. स्प्रेचे कण कुठे जाऊन बसतील याचा नेम नसतो. कॅन वीतभरापेक्षा थोडा लांब धरायचा, हात सतत फिरता. पहिला हात नुसता शिंतोड्यांसारखा, खालचं दिसत राहिलं पाहिजे. दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरा, मग तिसरा. एकदाच जाड हात मारायचा मोह होतो. टाळायचा, नाहीतर ओघळ येतात. आणि हा उद्योग पावसाळ्यात नको. हवेत दमट असेल तर रंगावर पांढुरकी झाक येते. मी फेब्रुवारीतली सकाळ निवडली, वारा सुटायच्या आधीची.

शेवटी पुढच्या-मागच्या दारांमधल्या उभ्या पट्टीवर काळं मॅट विनाईल. हेअर ड्रायरची ऊब दिली की ते कोपऱ्यावर निमूट वळतं. जास्त ताणायचं मात्र नाही, ताणलेलं विनाईल उन्हात परत आखडतं.

पार्किंगमधले परीक्षक

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक मुलगी गुडघ्यावर बसून गाडी घासतेय म्हटल्यावर सल्ले येणारच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पुढे स्टीलचा जाडजूड गार्ड लावायला सांगितलं. काका, ते नको. बंपर धक्का पोटात घ्यायला असतो, गार्ड तो धक्का थेट चासीपर्यंत नेतो आणि पायी चालणाऱ्याचा तर जीव घेतो. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. त्यांच्या मुलाला अख्खी गाडी मॅट ब्लॅक हवी होती. आरसीवर रंग लिहिलेला असतो राजा, बॉडीचा रंग बदलायचा तर आरटीओत नोंद लागते. 4141 चं ‘दादा’ करायचे दिवसही गेले. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट आली आणि जुन्यांनाही ती सक्तीची झाली. हौस करायला आता हे काळं प्लॅस्टिकच उरलंय, आणि ते पुष्कळ आहे.

हिशोब ऐका. शॅम्पू 250, वॉटर पेपर 80, मास्किंग टेप 120, अल्कोहोल 180, प्रायमर 550, सॅटिन ब्लॅकचे दोन कॅन 640, विनाईल 450, ट्रिम कोटिंग 780, आणि नाना पेठेतून साध्या व्हील कॅपचा सेट 850. एकूण 3,900. उरलेल्या शंभरात वॉचमन मामांचा आणि माझा वडापाव-चहा.

रंग वाळल्यावर बाबांना खाली बोलावलं. त्यांनी डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. चारही हँडलांवरून बोटं फिरवली. मग डिकीपाशी जाऊन बेस मॉडेलचा तो छोटा बॅज अंगठ्याने पुसला. ‘हा काढला नाहीस ते बरं केलंस,’ एवढंच म्हणाले. ड्रायव्हरच्या दारापर्यंत सवयीने गेले, थबकले आणि वळसा घालून डावीकडे येऊन बसले.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही एक चक्कर मारतो. गाडी मी चालवते, बाबा शेजारी. बाजूचं त्यांना नीट दिसत नाही, पण सिग्नलला समोर उभी असलेली गाडी व्यवस्थित दिसते. मग कॉमेंट्री सुरू होते. ‘याचा बंपर बघ, पार पांढरा पडलाय. वरून क्रोम लावलंय लेकाने!’ परवा तर कर्वे रोडला थेट काच खाली करून त्यांनी एका अनोळखी मुलाला विचारलं, ‘काय रे, वॉटर पेपर कुठला वापरलास?’